रिम नको, रबर बघा

स्विफ्टला सतरा इंची रिम बसते. बसते म्हणून बसवायची नसते, आणि पुण्यात तर नाहीच नाही.

नाना पेठेतल्या एखाद्या दुकानात अर्धा तास उभं राहून बघा. भिंतीवर रिम टांगलेल्या असतात, काळ्या, चंदेरी, एखादी लाल कडेची. गिऱ्हाईक बोट दाखवतं, पोरगा रिम उतरवून गाडीच्या चाकापुढे धरतो, गिऱ्हाईक चार पावलं मागे जाऊन मोबाइलवर फोटो काढतं आणि सौदा ठरतो. टायरचा विषय शेवटी निघतो, तोही ‘यावर बसेल तो टाका, जरा बजेटमधला’ एवढाच. गाडी रस्त्याला धरून ठेवणारी वस्तू उरलेल्या पैशांत घेतली जाते. मला राग येतो तो इथे.

‘बाहेरचा डायमीटर तोच राहतो, काही फरक पडत नाही,’ असं दुकानदार सांगतो. पहिलं वाक्य खरं आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कंपनी 165/80 आर14 टायर देते. 165 ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 म्हणजे त्या रुंदीच्या 80 टक्के उंचीची साइडवॉल आणि 14 हे रिमचे इंच. साइडवॉल झाली 132 मिलिमीटर, अख्ख्या चाकाचा व्यास साधारण 620. वरच्या मॉडेलला 185/65 आर15 येतो. त्याची साइडवॉल 120, व्यास 621. बाजारात सोळा इंचीवर 195/55 घालतात, साइडवॉल 107. सतरा इंचीवर 205/45, साइडवॉल 92, व्यास 616. व्यास जवळपास तोच. पण 132 चे 92 झाले. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जे रबर आणि जी हवा होती, त्यातली चार सेंटिमीटर गेली आणि तिथे धातू आला. दुकानदाराच्या दुसऱ्या वाक्यात जे हरवतं ते हे.

पुण्यात ही चार सेंटिमीटर रोज लागतात. डांबराचे थर चढत गेल्याने खाली राहिलेली चेंबरची झाकणं, केबलसाठी खणून घाईत बुजवलेले चर, काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी, हे सगळं कुठल्याही पेठेत आणि कुठल्याही उपनगरात सापडेल. गतिरोधकांचं तर बोलायलाच नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर उंच, गोलसर चढाचा सांगितला आहे. आपल्या गल्लीतला टेप लावून मोजा. बहुतेक ठिकाणी मानकातली रुंदी सापडणार नाही, उंची मात्र जास्तच भरेल.

अशा खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा टायर दाबला जातो. साइडवॉल उंच असेल तर ती चेपते आणि परत फुगते. बुटकी असेल तर खड्ड्याची धारदार कड आणि रिमची कड यांच्यामध्ये ती चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. त्या क्षणी बाहेरून काहीच दिसत नाही. आठवड्याने गाडी धुताना टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. तिथे आता दोरे नाहीत, नुसतं रबर हवा धरून आहे. त्याला पॅच लागत नाही आणि पंक्चरवाल्याकडे त्यावर उपाय नाही. तो टायर त्याच दिवशी बदलायचा. ‘एक्सप्रेस-वेने मुंबईला जाऊन येतो आणि मग बघतो’ म्हणणाऱ्याला घरच्यांनी गाडीची किल्ली देऊ नये.

रिमचंही तेच. कंपनीची पत्र्याची डिस्क वाकते. टायरवाला ती हातोड्याने ठोकून सरळ करतो, साबणाचं पाणी ओतून बुडबुडे येतात का बघतो आणि गाडी चालू लागते. स्वस्त ओतीव अलॉय वाकण्याआधी तडकते. मग ती प्रेसमध्ये दाबून, तड्याला वेल्डिंग मारून, वर रंग फासून परत बसवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची ताकद कमी होते, आणि रंगाखाली ते दिसत नाही. वेल्ड केलेल्या रिमवर माणसं बसवून हमरस्त्याला जाणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

विमा भरून देईल, या भरवशावर राहू नका. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत टायरचं नुकसान धरलं जातं ते गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच, आणि तेही निम्म्या किमतीपर्यंत. खड्ड्यात नुसता टायर फुटला तर पैसे तुमच्या खिशातून जातात. टायरसाठी वेगळं कवच जोडून घेता येतं, ते घेतलं आहे का बघा. बाहेरून बसवलेल्या रिम विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवलेल्या नसतील तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर त्यांचे पैसे धरणार नाही. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही.

आता या शहराची गंमत नाही, शोकांतिका बघा. वाहनांची आणि त्यांच्या भागांची चाचणी करणारी ‘एआरएआय’ ही संस्था 1966 पासून आपल्याकडे आहे, कोथरूडच्या वरच्या अंगाला वेताळ टेकडीवर. शिक्रापूरला ‘एनकेई’चा अलॉय व्हीलचा कारखाना आहे, चाकणला ‘ब्रिजस्टोन’चा टायरचा. टाटांच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी नॅनोसाठी पुढे 135/70 आणि मागे 155/65 असे वेगवेगळे बारा इंची टायर ठरवले, कारण इंजिनाचं वजन मागे होतं. चाकाला नट दिले तीन. तेवढ्या वजनाच्या गाडीला तेवढे पुरतात हे त्यांनी हिशेबाने काढलं होतं. चाकाचा इतका बारीक विचार ज्या शहरात झाला, त्याच शहरात लोक छाप नसलेली, कुणी ओतली हे माहीत नसलेली रिम फोटो बघून विकत घेतात.

चांगल्या रिमला काय सोसावं लागतं ते ऐका. यंत्रावर तिला वळणात येतो तसा वाकवणारा भार देत फिरवत ठेवतात. वजन टाकून ड्रमवर लाखो फेरे पळवतात. 13 अंशांत तिरकी ठेवून तिच्या कडेवर वजन पाडतात आणि तडा गेला का बघतात. प्रवासी गाड्यांच्या रिमसाठी ‘आयएस 9436’ हे भारतीय मानक आहे, आणि रिमवर आयएसआय चिन्ह हवं असा आदेश केंद्राने 2020 मध्ये काढला. रिम उलटी करून आतल्या बाजूला ते चिन्ह, बनवणाऱ्याचं नाव, रुंदी आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) कोरलेलं आहे का ते दुकानातच बघा. रिम कोरी असेल तर घेऊ नका, तिचं डिझाइन कितीही आवडलेलं असो.

बसवतानाही घोळ होतात. स्विफ्टचं पीसीडी 4 बाय 100, म्हणजे चार नट 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. तेवढं जुळलं की दुकानदार ‘बसली’ म्हणतो. पण कंपनीच्या रिमचं मधलं भोक 54.1 मिलिमीटरचं असतं, आणि बाहेरच्या रिमचं भोक बऱ्याचदा 67 किंवा 73, कारण एकच साचा दहा गाड्यांना चालवायचा असतो. हब आणि रिम यांच्यामधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर रिम नेमकी मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करत बसतात. ऑफसेट चुकला की चाक मडगार्डच्या बाहेर येतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो, मागे तीन माणसं बसली की टायर घासतो. चाक बाहेर दिसावं म्हणून स्पेसर लावून मागणारे आहेत आणि लावून देणारेही. छोट्या गाडीला स्पेसर लावूच नये. नट हवेच्या गनने आवळून सोडून देतात. ते टॉर्क रेंचने आवळून घ्या, आणि 50-100 किलोमीटर चालवून परत तपासून घ्या.

हौस करूच नये असं मी म्हणत नाही. पत्र्याची डिस्क आणि त्यावरची प्लास्टिकची कॅप कुणाला आवडते? तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जे माप दिलं आहे, तिथपर्यंत जा आणि थांबा. स्विफ्ट असेल तर पंधरा इंची आणि 185/65. कंपनीने त्या मापावर ब्रेक, सस्पेन्शन, मायलेज सगळं तपासलेलं असतं. जुन्या गाडीच्या मालकाने वरच्या व्हेरियंटची कंपनीचीच रिम शोधून घेतली, तर त्याइतका निर्धोक सौदा दुसरा नाही. रुंद टायरचा मोहही आवरा. याच पंधरा इंचीवर 205/65 घातला तर व्यास चार टक्क्यांनी वाढतो. काट्यावर 100 दिसतात तेव्हा गाडी 104 ने पळत असते, पिकअप मरतं आणि किलोमीटर कमी नोंदले जातात.

उरलेले पैसे टायरमध्ये घाला. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 3524 असेल तर तो 2024 च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. दोन वर्षं गोदामात पडलेला माल ‘नवा’ म्हणून घेऊ नका. मापाच्या पुढचा आकडा वजनाचा. 85 असेल तर एक टायर 515 किलो पेलतो, 82 असेल तर 475. कंपनीच्या टायरवर जो आहे त्याच्या खाली उतरायचं नाही. झिजलेल्या टायरवर पुन्हा रेघा कोरून विकतात, त्या दुकानाच्या पायरीवरही उभे राहू नका. कारच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरली की कायद्यानेही तो बाद आहे, आणि पावसाळ्यात तर त्याच्या बऱ्याच आधी.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा. आपल्याकडे सगळे पुढे बसवतात, कारण इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, मग भल्याभल्या ड्रायव्हरला आवरत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा तो लांब उतार पावसात डोळ्यांपुढे आणा, पुढे ट्रकांची रांग आहे असं समजा, आणि मग मागे कुठले टायर हवेत ते ठरवा.

परिवहन विभागाला रिम आणि टायर तपासता येतात. 2023 मध्ये समृद्धी महामार्गावर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या थांबवल्या गेल्या होत्याच. पुण्यातही सायलेन्सरचा आवाज करणाऱ्या बुलेट पकडतात, कारण तो आवाज कानावर येतो. तडकलेल्या रिमचा आवाज येत नाही, म्हणून दुकानात जाऊन माल तपासायला हवा. बिनछापाच्या रिम आणि रेघा कोरलेले टायर भर रस्त्यावर टांगून विकले जातात, ते शोधायला गुप्तहेर लागत नाहीत. पहिला छापा या पावसाळ्याआधी पडला पाहिजे.

तोवर तुमचं तुम्हीच बघा. रिम उलटी करा, छाप वाचा, टायरवरचे चार आकडे वाचा, पक्कं बिल मागा. दुकानदार ‘बिल कशाला, अठरा टक्के वाचतील’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.