आपल्या टॅरो डेकचा स्वभाव ओळखणे : नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम, डेक स्वतः विकत घेऊ नये. पहिला डेक भेट म्हणूनच यावा लागतो, असा या क्षेत्रातला दंडक आहे. तो कोणी घातला, हे विचारू नये. वाढदिवसाच्या आधी महिनाभर घरच्यांपुढे सूचक बोलत राहावे. तरीही शर्टपीसच आला, तर गुपचूप ऑनलाइन मागवावा आणि विश्वाने पाठवला असे सांगावे. डिलिव्हरी चार्ज विश्व भरत नाही.

डेक घरी आला की शुद्धी. छापखान्यातला कामगार, खोकी भरणारा, कुरिअरचा मुलगा अशा सगळ्यांची ऊर्जा त्याला लागलेली असते आणि ती घालवावी लागते. या कष्टाळू माणसांच्या ऊर्जेत नेमके काय वाईट असते, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. धूर द्यावा, वर स्फटिक ठेवावा, रेशमी रुमालात गुंडाळावा, पौर्णिमेच्या रात्री खिडकीत ठेवावा. पावसाळ्यातली पौर्णिमा मात्र टाळावी. दमट हवेने कार्डे वाकतात, पिसताना अडकतात आणि मग ‘डेक सध्या माझ्याशी बोलत नाही’ असे निदान होते. काही जाणकार पहिल्या रात्री डेक उशाखाली घेऊन झोपायला सांगतात. सकाळी मान आखडली, तर डेकचा स्वभाव ताठ आहे असे समजावे.

आता मुलाखत. होय, डेकची. ‘तुझा स्वभाव कसा? तुझे बळ कशात? तुझ्या मर्यादा कोणत्या?’ असे विचारावे आणि प्रत्येक प्रश्नाला एक कार्ड काढावे. ‘टॉवर’ आले, म्हणजे वीज पडून मनोऱ्याचा मुकुट उडालेला आणि दोन माणसे डोके खाली करून कोसळताहेत, तर डेक स्पष्टवक्ता. ‘फूल’ आले, म्हणजे कड्याच्या टोकाशी आभाळाकडे बघत चाललेला तरुण आणि पायाशी पांढरे कुत्रे, तर डेक खोडकर. ‘थ्री ऑफ स्वोर्ड्‌स’ आले, म्हणजे एका बदामात तीन तलवारी आणि मागे पाऊस, तर डेक दुखावलेला आहे. त्याला वेळ द्यावा. एकूण 78 कार्डांपैकी कोणतेही निघाले तरी स्वभाव निघतोच. ‘मी जाड कागद आहे’ असे सांगणारे एकोणऐंशीवे कार्ड अजून कोणी छापलेले नाही.

बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1948 साली विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझे वर्णन’ म्हणून एक कागद दिला. सगळ्यांना मजकूर एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. अचूकतेला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. तेव्हा मुलाखतीत डेक अगदी मनातले बोलला, तर घाबरू नये. मनातले बोलण्याचा दर्जा साधारण तेवढाच असतो.

यानंतर नवशिक्याला हमखास येणारा अनुभव : एकच कार्ड पाठ सोडत नाही. सोमवारी ‘हर्मिट’, गुरुवारी पुन्हा ‘हर्मिट’. डेकला काहीतरी सांगायचे आहे! जरूर ऐकावे, पण आधी हिशेब करावा. रोज नीट पिसून तीन कार्डे काढली, तर आठवड्यात एखादे तरी कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सुमारे 93 टक्के आहे. एकही कार्ड परत आले नाही, तो आठवडा खरा चमत्काराचा. आणि हे नीट पिसले तर. पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बायर या गणितींनी 1992 मध्ये दाखवले की 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून, टोके एकमेकांत सोडत पिसला, तर तो पुरेसा मिसळायला सुमारे सात फेऱ्या लागतात. टॅरोची कार्डे मोठी आणि महागडी, म्हणून लोक ती मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी दोन-तीनदा सरकवून थांबतात. काल वर ठेवलेले कार्ड आज वरच्या बाजूलाच सापडणार. डेकला आपली आठवण राहते, हे त्या अर्थाने खरे आहे.

इतिहास विचारला गेला तर ‘प्राचीन इजिप्त’ म्हणावे आणि विषय बदलावा. खरे तर ही कार्डे पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाली. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांची सोनेरी वर्ख लावलेली पाने आजही संग्रहालयांत आहेत. इजिप्तची गोष्ट 1781 साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ या लेखकाने काढली. तेव्हा चित्रलिपी वाचता येणारा एकही माणूस हयात नव्हता, त्यामुळे खोडायलाही कोणी नव्हते. फ्रान्समध्ये अजूनही लोक टॅरो खेळतात, हुकूम टाकून हात करतात, आणि पानांची मनःस्थिती फक्त हरणारा काढतो. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफावर तर दशावतार रंगवलेले असतात, तरी ती पानेही डाव मांडायचीच.

एवढे सांगूनही माझे मत असे की डेकांना स्वभाव असतो. फक्त तो धुराने येत-जात नाही. सर्वांत लोकप्रिय डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. तो ओळखला जातो रायडर या प्रकाशकाच्या आणि वेट या लेखकाच्या नावाने. चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथने. त्याआधी बहुतेक डेकांत ‘पाच पेले’ म्हणजे नुसते पाच पेले असत. तिने तिथे काळ्या झग्यातला माणूस उभा केला, सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघणारा, मागे उभ्या असलेल्या दोन पेल्यांकडे पाठ केलेला. नाटकमंडळींत वावरलेली बाई ती, म्हणून तिची पात्रे रंगमंचावर उभी राहिल्यासारखी राहतात. काम मोठे आणि पैसे अगदी थोडे, असे तिने एका पत्रात कळवले होते. ती 1951 मध्ये वारली, तीही कर्जात. डेकची ‘हळवी ऊर्जा’ जाणवली, तर कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बघावे. तिथे तिची वेटोळी सही असते.

उलट ‘थॉथ’ डेकबद्दल बजावले जाते की तो कठोर आहे, नवशिक्याने हात लावू नये. अ‍ॅलिस्टर क्रोली या गूढवाद्याच्या सूचनांनुसार लेडी फ्रीडा हॅरिसने 1938 ते 1943 या काळात रंगवलेला हा डेक. त्यातल्या तलवारींच्या कार्डांवर खाली छापूनच दिले आहे : दुःख, पराभव, क्रौर्य, विनाश. इतके स्वच्छ लिहून दिल्यावर डेक गोड बोलत नाही अशी तक्रार कशी चालेल?

म्हणून डेक निवडताना ऊर्जा तपासण्यात वेळ घालवू नये. चित्रे बघावी, चित्रकाराचे नाव वाचावे, कागद हातात धरून पाहावा. आणि जुना डेक कोणाला द्यायचा झाला, तर निरोपाचा विधी नाही केला तरी चालेल, पण 78 कार्डे मोजून द्यावीत.