इंटरनेट? छे गो!

अहो वहिनी, जरा गडग्यापाशी या बघू. काल दुपारी ती टॅबवाली मुलगी तुमच्याकडे आली होती का? कुलूप होतं होय! मग चुकलीच तुमची मजा.

इंटरनेटची पाहणी चाललीय म्हणे. घरात कोण वापरतं, कशाला वापरतं, वापरून बरं वाटतं की वाईट. पोर चिपळूणकडची, उन्हातून आलेली. मी आधी कोकम सरबत दिलं. तिने पहिल्यांदा गाठलं सासूबाईंना. "आजी, इंटरनेट वापरता का?" "छे गो! मला कुठलं जमतंय ते!" आणि वहिनी, मांडीवर मोबाइल, त्यावर यूट्यूबची काकड आरती चालू! पहाटे उठून भावकीच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं टाकणारी बाई ही! पोरीने हळूच व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढलं, तर म्हणतात, "ते वापरते हो, पण ते नातेवाइकांचं आहे."

हसू नका. आमचा भाचा पुण्यात संख्याशास्त्र शिकतो ना, तो सांगत होता, इंडोनेशियातसुद्धा लोक दिवसभर फेसबुकवर आणि इंटरनेट वापरता का विचारलं की नाही म्हणायचे.

मग माझी पाळी. मी तोंड उघडतेय तोच झोपाळ्यावरून हे, "तिला काय विचारता, ती रेसिप्या बघते फक्त." आता सांगा, लाइटबिल कोण भरतं? सिलिंडर कोण बुक करतं? यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला गेल्या वर्षी मोबाइलवर तोंड दाखवून कोणी काढून दिला? पण परक्या पोरीसमोर कुठे वाद घाला! तिने टिकटिक करून 'रेसिपी' टिपलं.

भाच्याने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे दाखवले होते. आपल्याकडचे २०१९चे, कोरोनाच्या आधीचे. आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलंय असं म्हणणाऱ्या बायका महाराष्ट्रात शंभरात ३८, आणि पुरुष ६१.५. एकदा तरी, हां! रोजचं नाही विचारलेलं. गोव्यात मात्र बायका ७३.७. माझी म्हापशाची बहीण ऐकून अशी काही फुगली, जणू हिनेच घरोघरी तारा ओढल्या! आणि गंमत म्हणजे बायकांना विचारलं ते १५ ते ४९ वयापर्यंतच. पुरुषांना ५४पर्यंत. म्हणजे सासूबाईंचं सोडा, मीसुद्धा त्या हिशेबात नाही. त्या पाहणीत बाईला बाईच विचारते, होता होईतो बाजूला घेऊन. मला ते पटलं बाई. झोपाळा ऐकण्याच्या टप्प्यात असला की उत्तर त्याच्याच मर्जीचं निघतं.

शेवटचा प्रश्न तर विचारूच नका. "इंटरनेटबद्दल तुम्हाला काय वाटतं? खूप चांगलं, चांगलं, ठीक, वाईट, खूप वाईट." मी म्हटलं, अगो, कुठल्या वेळचं सांगू? नातू तिकडून नवा दात दाखवतो तेव्हा खूप चांगलं. बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा, असा फोन आला की हातपाय गार. हे रात्री बारापर्यंत पांघरुणात उजेड पाडून बसतात, तेव्हाचं तर पर्यायांतच नव्हतं. पोर घड्याळ बघत म्हणाली, "काकू, एकच निवडा." मग काय, 'ठीक'. चार घरं अजून उरलेली तिची, आणि वाटेत ती कुत्री!

हो, तुमच्याकडे परत येईल ती संध्याकाळी. आणि एक सांगायचं राहिलं. घरी वायफाय आहे का विचारलं, तेव्हा मी आहे म्हणून सांगितलंय. पडवीत बसलं की छान धरतं. पण परवापासून काही लागत नाही हो. पासवर्ड बदललात का तुम्ही?