काळेकाका आणि देवनळ

काळेकाकांचं आडनाव काळे नाही. दारावरच्या पाटीवर दुसरंच काहीतरी लिहिलंय, पण ती पाटी आता कोणी वाचत नाही. लॅपटॉप उघडला की त्यांच्यासमोर एक काळी खिडकी येते, तिच्यात पांढरी अक्षरं मुंग्यांसारखी धावू लागतात, म्हणून आमच्या कर्जतच्या सोसायटीतल्या पोरांनी त्यांना काळेकाका केलं. सिलिंडरवालासुद्धा खालून "काळे, गॅस!" असंच ओरडतो. एकदा पोस्टमन खरं आडनाव विचारत आला, तर वॉचमनने "असं कोणी इथे राहत नाही" म्हणून त्याला परत पाठवलं.

या जातीची माणसं तुमच्याही माहितीत एखाददुसरी असतील. माउसला ती हात लावत नाहीत. 'क्लिक' हा शब्द, आपण 'जुगार' म्हणतो त्या सुरात म्हणतात. आणि मेल ती 'बघत' नाहीत, 'काढतात'. विहिरीतून पाणी काढावं तसं. आपण दिवसभर पडद्यावर बोट सरकवत "अरे, परवाच तर आला होता" करत बसतो. काका एक ओळ टाइप करतात, एंटर दाबतात आणि खुर्चीत मागे रेलतात. ते रेलणं फार बोलकं असतं.

मुंबईला जायचं झालं तर लोकल कर्जतहूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते. शंभर किलोमीटरचा आणि दोन तासांचा प्रवास. आम्ही दिवाडकरांचा वडा संपवून डोळे मिटेपर्यंत काकांची काळी खिडकी उघडलेली असते. बदलापूरला गर्दी चढते आणि खांद्यावरून डोकावू लागते. एका पोराने न राहवून विचारलं होतं, "काका, बँक हॅक करताय का?"

"नाही रे, मावसभावाचा पत्ता शोधतोय."

पोराचा विश्वास बसला नाही. कल्याण येईपर्यंत त्याने आपला मोबाइल खिशात दाबून धरला होता.

हे वेड जुनं आहे. काका खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात कंप्युटर सांभाळायचे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यात विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत 'शेल अकाउंट' मिळे. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. काका तेव्हा विद्यार्थी नव्हते, पण भाचा होता. भाच्याच्या नावावर काकांनी अकाउंट काढलं, मुंबईला एसटीडी लावून मोडेमची ती मांजरं भांडल्यासारखी किंकाळी ऐकली आणि 'पाइन' नावाच्या प्रोग्रॅममध्ये आयुष्यातला पहिला मेल वाचला. भाचा पुढे हॉटेल मॅनेजमेंटला गेला. काका अजून तिथेच आहेत.

१ एप्रिल २००४ला जीमेल आलं, एक जीबी जागा फुकट, तेव्हा पुष्कळांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. काकांना अजून वाटतं.

"हे तुमचं जीमेल म्हणजे आपल्याकडचा रिसॉर्ट," ते म्हणतात. "आल्या आल्या सरबत देणार, गळ्यात माळ घालणार, वर हिरवळ. पण जमीन कोणाची, पाणी कुठून येतं, विचारून बघ बरं!" म्हणून काका सगळा मेल रोज आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतात आणि तिकडचा पुसून टाकतात. दुसऱ्याच्या टाकीत आपलं पाणी कशाला? एक मेल म्हणजे एक फाइल, अशा चाळीसेक हजार फाइली त्यांच्याकडे आहेत. आपण लोणची मुरवतो तसे त्यांनी मेल मुरवलेत.

मला हे शिकवण्याचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. त्यासाठी मला खोपोलीला नेलं. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. या मार्गावरची एक गाडी चुकली की पुढची येईपर्यंत माणूस तत्त्वज्ञ होतो, आणि काकांनी हा प्रवास नोकरीभर केलाय. तिथे घाटावरून उतरणारे टाटांचे पाइप दाखवत ते म्हणाले, "हे बघ. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी या पाइपांतून खाली येतं, १९१५पासून. खाली पॉवर हाऊसची चक्रं फिरवतं आणि पुढे पाताळगंगेला लागतं. एकाने साठवायचं, एकाने उतरवायचं, एकाने फिरवायचं. कोणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. १९७३ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये पाइप आला तो हाच! एक कमांड मेल ओतते, दुसरी त्यातले बिल्डरचे तेवढे गाळते, तिसरी तारखेने लावते, चौथी मोजते."

"मग पाताळगंगा कुठली?"

"स्क्रीन," काका म्हणाले. मी मान डोलावली. समजलं असतं तर पुढचा प्रश्न विचारला असता.

गाळणाऱ्या कमांडचं नाव 'ग्रेप'. त्याचा द्राक्षाशी संबंध नाही. केन थॉम्पसन नावाच्या माणसाच्या जुन्या एडिटरमध्ये 'सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप' असं सांगायला जी, आर-ई, पी अशी अक्षरं टाइप करायची, त्यांचंच हे नाव झालं. काकांचा ग्रेपवर कुलदैवतासारखा विश्वास होता. त्या विश्वासाला तडा गेला तो गच्चीच्या गळतीने.

गळतीची पहिली तक्रार कधी झाली, असा प्रश्न निघाला. तक्रार मेलवर झाली होती एवढं सगळ्यांना आठवत होतं. काकांनी बाह्या सरसावल्या, 'गळती' असा शब्द देऊन ग्रेप सोडला. चाळीस हजार फाइली. निकाल शून्य. पुन्हा सोडला. शून्य. मागे रेलायला घेतलेली पाठ तशीच अधांतरी राहिली.

"गणपतीत आला होता तो मेल," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पाठवला होता. तुम्हीच वाचून दाखवलात आणि मोदक मागितलात."

निघाला! त्याच दिवसाचा, त्याच वहिनींचा. मग ग्रेपला का दिसला नाही? काकांनी ती फाइल उघडून दाखवली. तिच्यात गळती नव्हती, मराठीही नव्हती. नुसता रोमन अक्षरांचा भुसा होता. मेलची व्यवस्था जन्मली इंग्रजीसाठी. तिच्यातून सुखरूप जावं म्हणून मराठी मजकूर बहुतेक वेळा 'बेस-६४' नावाचा बुरखा घालून प्रवास करतो. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि या बुरख्यात तीन बाइटची चार रोमन अक्षरं होतात. मजा अशी की आपली अक्षरं 'फोर के एस' नाहीतर 'फोर के डब्ल्यू' अशीच सुरू होतात. पुढचं तेवढं बदलतं. तेव्हापासून काका त्या भुशाकडे लांबून बघूनच सांगतात, "फोर के एस आलं, पत्र मराठीत आहे." कोणी आपलं माणूस चालीवरून ओळखावं तसं.

"मग 'गळती'लाच बुरखा घालून शोधा की," मी म्हटलं. मला वाटलं, मी फार हुशारीचं बोललो.

"घातला! पण मधे एक स्पेस आली की एक बाइट सरकतो आणि पुढचा सगळा बुरखा बदलतो. एकाच शब्दाची तीन सोंगं." आणि हे झालं देवनागरीचं. आमच्या सोसायटीतली निम्मी मंडळी मराठी रोमनमध्ये लिहितात आणि गळतीचं स्पेलिंग ज्याच्या त्याच्या घराण्याप्रमाणे करतात. एकाने तर 'लिकेज होतंय' असंच लिहिलं होतं. ते कुठल्याही ग्रेपच्या बापाला सापडायचं नाही.

त्या पावसाळ्यात काकांनी 'नॉटमच' आणला. २००९पासूनचा प्रोग्रॅम. हा आधी प्रत्येक मेलचा बुरखा उतरवतो, मग आतल्या शब्दांची सूची करून ठेवतो. पुस्तकाच्या शेवटी असते तशी. मग कोणाकडून, कुठल्या विषयावर, कुठल्या महिन्यात, काहीही विचारा, डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. मात्र तो स्वतः मेल आणत नाही आणि पाठवतही नाही. आणलेल्यात शोधतो, एवढंच.

"म्हणजे तुमच्यासारखाच," काकू म्हणाल्या.

नॉटमचचा जाहीर प्रयोग झाला वार्षिक सभेत. सप्टेंबर, बाहेर पाऊस, आणि पावसात आमच्याकडचं इंटरनेट जातं हे सांगायला नको. विषय पार्किंगचा. चेअरमन म्हणत होते, खालच्या पार्किंगला आपला पहिल्यापासून विरोध होता. बोलताना ते अडखळले की सेक्रेटरी मागून शब्द ढकलत होते. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिन लावतात, अगदी तसं. दोघे मिळून जवळजवळ खंडाळ्याला पोचले होते. लोकांनी आपापल्या मोबाइलवर जुने मेल शोधायला घेतले. सगळीकडे ते गोल गोल फिरणारं चक्र.

काकांनी मांडीवर लॅपटॉप उघडला. एक ओळ. एंटर. मागे रेलले.

"१४ जून २०१४," ते म्हणाले. "तुमचाच मेल. 'खालच्या पार्किंगला माझी काहीही हरकत नाही. सर्वांनी प्रेमाने राहू या.' पुढे उद्गारचिन्हं तीन."

सभेत इतकी शांतता पसरली की गच्चीची गळती ऐकू आली.

काका जिंकले, पण माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. सोसायटी चालते ती नियमावलीवर कमी आणि विसरण्यावर जास्त. कोण कोणाला काय बोललं, वर्गणी कोणी बुडवली, होळीला पाण्याची टाकी कोणी रिकामी केली, हे दोन पावसाळ्यांत वाहून जातं म्हणून माणसं पुन्हा एका जिन्यात हसतात. काकांकडे काहीच वाहून जात नाही. हळूहळू लोकांनी त्यांना मेल करणं सोडलं. भांडणं व्हॉट्सॲपवर गेली, महत्त्वाची भांडणं तोंडी होऊ लागली. चेअरमन तर काकांशी बोलताना आधी लॅपटॉप बंद आहे का ते पाहतात.

माणसांचे मेल आटले, जाहिरातींचे आटले नाहीत. कर्जत-खालापुरात राहणाऱ्याला प्लॉटच्या जाहिराती येणार नाहीत तर कोणाला? धबधब्याशेजारी प्लॉट, एक्स्प्रेसवेपासून पाच मिनिटांवर प्लॉट, सह्याद्रीच्या कुशीत मोजक्या संधी, आजच ऑफर. काकांनी 'प्रोकमेल' बसवला. हा मेल दारातच अडवून चाळतो. त्याच्या नियमांना 'रेसिपी' म्हणतात आणि प्रत्येक रेसिपी कोलन-शून्यने सुरू होते. "ह्यांना चहाची एक येत नाही, आणि मेलच्या चाळीस!" हे अर्थात काकूंचं. रेसिपी अशी की विषयात 'प्लॉट' किंवा 'ऑफर' दिसलं की मेल थेट 'डेव्ह नल'मध्ये. युनिक्समधली ही अथांग जागा, तिच्यात टाकलेलं परत येत नाही. काकूंनी ते 'देवनळ' असं ऐकलं आणि आता सगळी सोसायटी तसंच म्हणते. माझ्या मुलाला बरेच दिवस वाटत होतं, देवनळ हे खांडसच्या पुढचं एखादं गाव आहे.

देवनळ वर्षभर छान वाहिला. मग एका संध्याकाळी काकू पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीला बंगळूरला नोकरी लागली होती. मागून काका आले, चेहरा उतरलेला.

"तिने आधी मला कळवलं होतं," ते म्हणाले. "सकाळीच. 'बाबा, सगळ्यात आधी तुम्हाला सांगतेय' असं लिहिलं होतं म्हणे. दिवसभर माझं उत्तर नाही, म्हणून मग आईला फोन."

"आणि मेल?"

"विषय होता 'ऑफर लेटर'."

मी गप्प बसलो. पेढा तोंडात होता हे बरं झालं.

"नॉटमचला विचारून पाहिलंत?"

"देवनळात गेलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही रे. आणि तिकडची प्रत मी पुसतो." मुलगी म्हणाली, बाबा, पुन्हा पाठवते, त्यात काय. काका नको म्हणाले. दुसऱ्यांदा पाठवलेल्यावर तारीख चुकीची येते.

आता त्यांनी रेसिपी बदललीय. देवनळाखाली बादली लावलीय. खरोखरच 'बादली' नावाचा एक फोल्डर केलाय, अडवलेलं सगळं त्यात साठतं. आणि रोज रात्री जेवण झालं की काका ती बादली उपसतात. कमांडने नाही, ग्रेपने नाही. एकेक मेल उघडून, वरपासून खालपर्यंत, बोटांनी.

परवा जिन्यात भेटले. म्हटलं, "काय काका, बादलीत काही सापडलं का?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नेरळला एक एनए प्लॉट आलाय, डोंगराच्या बाजूने. भाव बरा वाटतोय. रविवारी येतोस का बघायला?"