जुन्या सोन्याचे सराफ

ओळखीतल्या एका चित्रपटवेड्या काकांचं ठाम मत आहे की, मराठी सिनेमात आता अस्सल काही उरलं नाही, सगळी नक्कल. अस्सल काय, तर 'अशी ही बनवाबनवी'! आता १९८८च्या या सिनेमाची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मधून आली आणि 'धूमधडाका' तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'वर बेतलेला, हे त्यांना सांगायला जाऊ नये. ती प्रेरणा असते. नक्कल फक्त गेल्या दहा वर्षांतली.

जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता, हे ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा येण्याआधी सांगतात. त्यातल्या मारुती कांबळेचं काय झालं, असं विचारलं की मात्र, "कोण कांबळे? बँकेतले?"

'कोर्ट'? संथ. 'सैराट'? गाणी बरी, बाकी अतीच. (दोन्ही पाहिलेत का, हा प्रश्न उद्धटपणात मोडतो.) परवा एका नव्या सिनेमाचा त्यांनी मध्यंतरातच निकाल लावला आणि तरी शेवटपर्यंत बसून राहिले. तिकीट पुतण्याने काढलं होतं, शिवाय बाहेर ऊन होतं.