२० वर्षांचं कर्ज, २० मिनिटांची पाहणी

कांदे घेताना आपण टोपलीत हात घालून खालचे वर करतो. साडी दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन निरखतो. फ्लॅट घेताना मात्र साइट ऑफिसातला मुलगा पुढे आणि आपण मागे. हॉल, किचन, बेडरूम, ‘गॅलरीतून बघा काका, डोंगर दिसतो’, इथे सही करा.

२० मिनिटं. कर्ज २० वर्षांचं.

मग घर तपासायला लागतो तरी किती वेळ? दोन बेडरूमचा नवा, रिकामा फ्लॅट असेल तर माहीतगार माणसाला तीन-चार तास हवेत. बंगला असेल तर अख्खा दिवस काढा. तिथे गच्ची, पाण्याच्या टाक्या, ड्रेनेजची चेंबरं, कुंपणाची भिंत, सगळं तुमच्याच गळ्यात असतं.

तीन तास करायचं काय? टाइल वाजवायची. एक नाही, सगळ्या. खाली माल नीट भरलेला असेल तर भरीव आवाज येतो, नसेल तर पोकळ. पोकळ टाइल आज छान दिसते. तिच्यावर कपाटाचा पाय आला की तडकते. दाराच्या चौकटीला ओळंबा, कोपऱ्याला गुण्या, ओट्याला पाणसळ लावायची. ही कुठल्याही गवंड्याच्या पिशवीत मिळणारी हत्यारं आहेत. टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरला की प्लास्टरचे सगळे फुगवटे दिसतात. दिवसाउजेडी समोरून बघितलं तर एकही दिसत नाही.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे जातं की दाराकडे? हे कळायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट वाचवलेली माणसं पुढे रोज अंघोळीनंतर वायपर मारतात.

पण नळाला पाणीच नसेल तर?

बऱ्याच ठिकाणी हेच होतं. किल्ली तयार, पेढे तयार, पण विजेचा मीटर बसलेला नाही आणि पाण्याची लाइन सुरू नाही. मग सगळे नळ एकदम सोडून वरच्या शॉवरला जोर राहतो का, हे कसं बघणार? प्लगला अर्थिंग आहे का, हे कशावर तपासणार? अशा दिवशी पाहणी लवकर संपते, कारण अर्धी झालेलीच नसते. सही न करता परत यायचं आणि पाणी-वीज आल्यावर पुन्हा जायचं. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्या, असं रेरा कायदा सांगतो. दोन महिने! मग आजच संध्याकाळी सही करा, ही घाई नेमकी कुणाची?

थोडी आपलीही. रविवारी सकाळचा वास्तुशांतीचा मुहूर्त धरायचा आणि किल्ली शनिवारी संध्याकाळी घ्यायची. गुरुजींना वेळ दिलेली असते, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली असतात. भिंतीला वेळ कोण देणार?

‘पण बँकेचा माणूस येऊन बघून गेला की!’ तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का, हे बघायला आला होता. मोरीचा उतार त्याच्या फॉर्मवर नसतो.

‘पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरचीच आहे ना?’ आहे. ताब्यापासून ५ वर्षांत दोष दाखवला, तर ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून द्यावा, असं त्याच कायद्यात लिहिलंय. पण तोवर तुम्ही फर्निचर केलेलं असतं, बाथरूमच्या टाइल बदललेल्या असतात. मग गळती कुणाची, बिल्डरची की तुमच्या कारागिराची? हा वाद वर्षभर चालतो. म्हणून पहिली यादी सामान येण्याआधी करायची. फोटो काढायचे, तारीख घालायची आणि पोच घ्यायची.

मोजपट्टीही सोबत न्या. करारात लिहिलेल्या कार्पेट एरियात ३ टक्क्यांच्या फरकाला महाराष्ट्राच्या नमुना करारात वाव आहे. ७०० चौरस फुटांचे ३ टक्के म्हणजे २१ चौरस फूट. आपल्याकडची कित्येक देवघरं याहून लहान असतात.

जुना फ्लॅट घेणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे वेळ सामान खातं. सोफा सरकवा, कपाट उघडा, सिंकखाली वाका. चार भिंतींतली एकच ताजी रंगवलेली असेल तर तिच्यापाशी सगळ्यात जास्त थांबा. मे महिन्यात घर पसंत केलं असेल तर व्यवहार जुलैपर्यंत लांबवता येतो का बघा. मुंबई-कोकणातला पाऊस पश्चिमेच्या भिंतीबद्दल जे सांगतो, ते कुठलाही एजंट सांगणार नाही.

आणि इमारत ३० वर्षांच्या वरची असेल तर? मुंबईत अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३५३ ब. तिथे हातोड्याच्या ठोक्यावरून काँक्रीटची ताकद बघतात, त्यातून ध्वनिलहरी सोडतात, गरज पडली तर खांबातून गोल तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. हे काम तासांचं नाही, आठवड्यांचं आहे. ते तुम्ही करायचं नाही. सेक्रेटरींकडे अहवाल मागायचा, एवढंच. त्याला पाच मिनिटं लागतात. तेवढीही कितीजण देतात?

राहता राहिली एक तपासणी. ती कुणालाच घाईने उरकता येत नाही, तज्ज्ञालाही नाही. बाथरूमची जाळी बोळा घालून बंद करा. उंबऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत पाणी भरा. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा, दार ओढून घ्या आणि घरी जा. २४ तास.

दुसऱ्या दिवशी खूण बघा, पण तिच्यावर थांबू नका. एक मजला खाली उतरा, बेल वाजवा, नव्या शेजाऱ्यांना नमस्कार करा आणि विचारा, ‘तुमच्या बाथरूमचं छत जरा बघू का?’