सहावा वडा

बारावी झाल्यावर मला हिरो व्हायचं होतं. कर्जतच्या पोराला हे खूळ लागायला फारसं कारण लागत नाही. कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये खालापूर तालुक्यात, चौकजवळ, एन. डी. स्टुडिओ उभारला आणि आमच्या पट्ट्यात आळीआळीतून 'शूटिंगला जाणारे' निपजू लागले. २००८ मध्ये 'जोधा अकबर' आला, त्यातला आग्र्याचा किल्ला आमच्याकडचा. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती' मालिकेचा गडही आमच्याकडचाच.

तो गड बघायला आजोबांना नेलं. त्यांनी तटबंदीला हात लावून नमस्कार केला आणि मग बोटाने हळूच टकटक केली. पोकळ आवाज आला.

"प्लायवूड," आजोबा म्हणाले. आयुष्यभर सुतारकाम केलेलं. "पण हात सफाईदार आहे हो."

चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या कलादिग्दर्शकाला आमच्या घरून हा पाचवा. मीही तिथल्या तिथे हिरोपण सोडून कलादिग्दर्शक व्हायचं ठरवलं. मला पट्टी धरूनही सरळ रेघ मारता येत नाही हे कळेपर्यंत ते टिकलं. उरलं दिग्दर्शन. त्याला रेघ लागत नाही.

एफवायच्या सुट्टीत ओळखीने खोपोलीजवळच्या एका फार्महाउसवर मालिकेचं काम मिळालं. हुद्दा: असिस्टंटच्या असिस्टंटचा असिस्टंट. रोजची मालिका म्हणजे रोज बावीसेक मिनिटांचा स्वयंपाक. काल केलेलं आज संपलेलं असतं. त्यात एकच भांडण आधी सगळ्यांचं मिळून, मग सासूच्या तोंडावर, मग सुनेच्या तोंडावर असं पुन्हापुन्हा घेतात, आणि तेवढा वेळ टेबलावरची वस्तू हलता कामा नये. ही कंटिन्युटी. त्या दिवशी टेबलावर कर्जत स्टेशनचे सहा बटाटेवडे होते, आणि ते सहाच राहतील हे बघणं माझ्याकडे होतं.

आता कर्जतच्या माणसाला वड्यांवर राखण बसवणं हीच मुळात चूक. घाटाचा १:३७ चा चढ चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लावायची, तेवढ्या वेळात प्रवाशांनी वडे खायचे, यावर आमचं गाव नावारूपाला आलं. दुपारचे अडीच झाले, जेवणाचा ब्रेक काही होईना. मी खाल्ला.

"वडे किती होते रे?" दिग्दर्शकांनी मॉनिटरवरून मान वर न करता विचारलं.

"पाच, सर."

"सहा," सासू म्हणाल्या. "सकाळपासून मोजतेय मी. भूक मलाही लागलीये."

मोटारसायकल कर्जतला पिटाळली. सहावा वडा आला तो वाफाळता. बाकीचे पाच सकाळपासून गारठलेले, आणि कॅमेऱ्यात वाफ दिसत होती! मग अख्खं युनिट त्या एका वड्याभोवती उभं राहून तो निवायची वाट बघू लागलं. दिग्दर्शक स्क्रिप्टने वारा घालत होते. लाइटवाले दादा म्हणाले, "फुंकर मारू का?" सासूंनी डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली. चॅनेल दिग्दर्शकांवर ओरडतं, दिग्दर्शक असिस्टंटवर ओरडतात, माझ्यावर सगळेच. केटरिंगवाल्या मामांवर मात्र कोणी म्हणता कोणी ओरडत नव्हतं. उलट दर दहा मिनिटांनी एकेक जण जाऊन त्यांच्याशी गोड बोलून येत होता.

पॅकअपनंतर हातावर पैसे पडले ते एक वडा कापून.

"मग, आता काय व्हायचंय?" रात्री आजोबांनी विचारलं.

"केटरिंग."

झाली हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले.

"वडा तरी खरा होता ना?"