मामांचा वानेरा

मामांना ‘ऑब्सेशन’ आहे, असं पुण्याहून आलेल्या सूनबाईंनी पहिल्याच मुक्कामात जाहीर केलं. मामींनी लगेच विचारलं, ‘‘त्याच्या गोळ्या कुठं मिळतेत?’’

देवणीचे मामा आणि देवणी बैल, असा हा आजार. देवणीचे प्रकार तीन. वानेरा अंगानं पांढरा, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बालांक्याचे काळे ठिपके पोटाकडं. शेवऱ्याचे अंगभर, कसेही. ही माहिती पाहुण्याला पाण्याच्या तांब्याआधी मिळते. मामांची जमीन ट्रॅक्टर नांगरतो. वानेऱ्याची जोडी दावणीला सरकी खात उभी असते आणि मामा बाजेवर बसून तिच्याकडं बघत असतात.

हाळी हंडरगुळीच्या बाजारात ते रुपया न घेता जातात. परक्या बैलाचा ओठ उचलून दात बघतात, ‘चार दाती’ म्हणून मालकालाच सांगतात, पाठीवर बोट फिरवून कातडी थरथरली की खूश होतात. दुसऱ्यांचा सौदा उपरण्याखाली चाललेला असतो, बोटं यांची वळवळतात. ही नजर घरीही उतरत नाही. मुलीला बघायला आलेला इंजिनिअर हसेपर्यंत मामा थांबले, मग मामींच्या कानात म्हणाले, ‘‘दात बरे हायेत. चाल बघू.’’

डॉक्टरी भाषेत मात्र ऑब्सेशन म्हणजे नको असताना पुन्हा पुन्हा येणारा, माणसाला छळणारा विचार. इथं सूनबाईंचं निदान अडतं. मामांना तो विचार हवाच असतो. छळ होतो तो मामींचा. पोळ्याला बैलांना नवी झूल येते, मामींच्या लुगड्याचा विषय पुढच्या सुगीवर जातो. रोग एकाला आणि लक्षणं दुसऱ्याला, अशी केस कुठला डॉक्टर घेणार?

मामांचे साडू कंधारकडचे, म्हणजे लालकंधारीवाले. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत दोघं भेटतात, खंडोबाचं दर्शन उरकतात आणि जनावरांच्या बाजारात दिवसभर भांडतात. तांबडं चांगलं की काळं-पांढरं, एवढाच मुद्दा. परतीच्या एसटीत मामा हळहळतात, ‘‘साडू माणूस लई चांगला. पण त्या तांबड्या बैलापायी डोक्यानं गेला बघा. कुणीतरी दवाखान्यात दाखवाय पाहिजे त्याला.’’